समोर बसलेला माणूस: वाशिमच्या सभांचा एक आढावा

वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने चौथ्या शतकात वत्सगुल्माहून, म्हणजे आजच्या वाशिमहून, एक दानपत्र काढले. नांदेडच्या बाजूचे एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दिल्याचा हा ताम्रपट १९३९च्या सुमारास उजेडात आला आणि वाकाटकांची वत्सगुल्म शाखा इतिहासाला कळली. भाषण आणि श्रोता या प्रश्नाकडे पाहताना मात्र त्या ताम्रपटातली दुसरीच गोष्ट माझ्या लक्षात राहते. राजाचे पूर्वज, त्यांचे पराक्रम, त्यांचे यज्ञ हा सुरुवातीचा भाग संस्कृतात आहे. गाव कोणाला दिले, कोणत्या सवलती मिळाल्या, राजाच्या माणसांनी तिथे काय करायचे नाही, हा कामाचा भाग प्राकृतात आहे. प्राकृताकडून संस्कृताकडे जाणाऱ्या काळाची ही खूण आहे, असे कोणी म्हणेल आणि ते खरेही आहे. तरीही कोणता भाग कोणत्या भाषेत ठेवला, हे पाहण्यासारखे आहे. ज्यांनी वंशावळ ऐकून मान डोलवायची त्यांच्यासाठी एक भाषा आणि ज्यांनी हुकूम पाळायचा त्यांच्यासाठी दुसरी, असा मी त्याचा अर्थ लावतो.

याच वत्सगुल्माचे नाव पुढे राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त येते. काव्यपुरुष रुसून निघून जातो, त्याला वळवण्यासाठी पार्वती साहित्यविद्यावधू निर्माण करते आणि ती त्याच्या मागोमाग देशोदेशी फिरते. प्रत्येक प्रदेशात तिचा वेश बदलतो, नृत्य बदलते, बोलण्याची रीत बदलते. पूर्वेकडे तो वळत नाही, पांचालात थोडा वळतो आणि विदर्भात पुरता वश होतो. त्यांचा गांधर्व विवाह लागतो तो वत्सगुल्मात. या नगरावरून ‘वच्छोमी’ हे एका काव्यरीतीचे नावही पडले. त्याच ग्रंथात राजशेखर पुढे काव्य ऐकणाऱ्या-वाचणाऱ्यांचे प्रकार पाडतो: ज्याला काहीच रुचत नाही तो, जे मिळेल ते गवतासकट खाणारा, मत्सरी आणि तत्त्वाला भिडणारा. शेवटचा हजारात एखादाच, असे त्याचे मत. त्याच्याही कित्येक शतके आधी ‘नाट्यशास्त्रा’च्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रेक्षकांची वर्गवारी आली आहे. तरुणांना शृंगार हवा, जाणत्यांना सिद्धान्त, शूरांना वीर आणि रौद्र, वृद्धांना धर्माख्यान. ॲरिस्टॉटलनेही आपल्या वक्तृत्वावरील ग्रंथाच्या दुसऱ्या भागात तरुण, म्हातारे आणि मधल्या वयाचे लोक यांच्या स्वभावावर प्रकरणेच लिहिली. हा प्रश्न जुना आहे. त्यात नवे आहे ते आजच्या श्रोत्याचे मिश्रण.

वाशिम जिल्ह्यात ते मिश्रण ठळक दिसते. अकोल्यातून वेगळा होऊन १ जुलै १९९८ला झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १२ लाख आणि त्यातले पाचांतले चार जण खेड्यात. रिसोडकडे हिंगोली आणि बुलडाणा लागून, म्हणून बोलीत मराठवाड्याची छटा. कारंजा अमरावती आणि यवतमाळच्या अंगाला, तिथे अस्सल वऱ्हाडी, शिवाय नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून येणारे दत्तभक्त आणि शतकांची जैन परंपरा. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ. मंगरूळपीरला दर्गा, तिथे दखनी वळणाची उर्दू. मानोऱ्यात पोहरादेवी, बंजारा तांड्यांत गोरबोली. एकाच दिवशी रिसोड, कारंजा आणि मानोरा इथे तीन सभा घेणाऱ्याने तेच भाषण तिन्हीकडे म्हटले, तर निदान दोन ठिकाणी तरी ते डोक्यावरून जाईल.

पण श्रोता ओळखायचा म्हणजे नेमके काय करायचे, यावर आपल्याकडे मोठा गोंधळ आहे. बहुतेकांना वाटते, लोकांना आवडेल ते बोलायचे. माझे म्हणणे उलट आहे आणि त्यासाठी मी वऱ्हाडातल्याच एका निरक्षर माणसाची साक्ष काढतो.

डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातले शेंडगाव. मृत्यू २० डिसेंबर १९५६, अमरावतीजवळ वलगावला. मूर्तिजापूरचा परिसर त्यांच्या घरचा आणि मूर्तिजापूर ते कारंजा अंतर ते किती! बाबांची रीत सगळ्यांना ऐकून माहीत आहे, पण वक्तृत्वाच्या दृष्टीने ती फार थोड्यांनी तपासली. दिवसा गावात शिरायचे ते हातात खराटा घेऊन. रस्ते, उकिरडे, देवळापुढची जागा झाडायची. संध्याकाळी कीर्तन. खराटा चालवता चालवता गाव डोळ्यांखालून जायचे: कोणाच्या दारात घाण आहे, विहिरीवर कोणाला पाणी भरू देत नाहीत, कोणत्या देवाला बकरे कापतात, दारूचे दुकान कुठे आहे. श्रोत्यांचा अभ्यास यापेक्षा चांगला कोण करणार? आज वक्ता गाडीतून थेट व्यासपीठाशी उतरतो, शाल-नारळ घेतो आणि शेजारी बसलेल्याला हळूच गावाचे नाव विचारतो.

रात्रीच्या कीर्तनात बाबा वऱ्हाडीतच बोलत. व्याख्यान फार नसे, प्रश्न असत. प्रश्न इतका सोपा की सभेतल्या कोणालाही उत्तर देता यावे. लोक एका आवाजात उत्तर देत. त्या उत्तरावरून पुढचा प्रश्न, त्यावरून पुढचा. असे करत करत माणूस स्वतःच्याच तोंडाने कबूल करून बसे की लग्नासाठी सावकाराचे कर्ज काढणे हा वेडेपणा आहे, की कापलेल्या बकऱ्याचे मटण देव खात नाही, आपण खातो. मधूनच तुकोबांचा अभंग, मधूनच सगळ्यांनी मिळून नामाचा गजर. डोळ्यांवर झोप येऊ लागली की गजर आणि जाग आली की पुन्हा प्रश्न. १९५६च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्याला पोलिसांपुढे झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. समोर मुंबईतले पोलीस, तरी बोली वऱ्हाडीच, रीतही तीच आणि तरी सभा हलत नाही. बोली बदलली नाही म्हणून काही अडत नाही, कारण प्रश्न ऐकणाऱ्याच्या घरातले असतात: पोरांचे शिक्षण, कर्ज, दारू.

आता मुद्दा असा. या माणसाने लोकांना आवडेल असे काय सांगितले? देवाला नवस बोलू नका, बळी देऊ नका, मेल्यावर जेवणावळी घालू नका, शिवाशिव पाळू नका, अंगावर चांगले कपडे नसले तरी चालतील पण पोराला शाळेत घाला. १९२०-३०च्या वऱ्हाडात यातले एकही वाक्य लोकांच्या आवडीचे नव्हते. बाबांनी सांगण्याची तऱ्हा पूर्णपणे ऐकणाऱ्याच्या हाती दिली आणि सांगण्याचा ऐवज तसूभरही हलू दिला नाही. श्रोत्याशी जुळवून घेणे म्हणजे मी हेच समजतो. जो ऐवजच बदलतो तो मते गोळा करतो. त्याला वक्ता म्हणण्याचे कारण नाही.

वऱ्हाडाला हा वारसा त्याहून जुना आहे. तेराव्या शतकात रिद्धपूरच्या परिसरात महानुभावांच्या नागदेवाचार्यांपुढे हाच पेच आला होता. केशोबास पंडित, संस्कृतात लिहिण्याची त्यांची तयारी. नागदेवांनी त्यांना अडवले, कारण पंथातल्या म्हाताऱ्या बायांना ते कळणार नाही आणि त्या वंचित राहतील. ‘स्मृतिस्थळा’त हा प्रसंग आहे. मराठीत श्रोत्याचा विचार करून भाषा निवडल्याची इतकी स्पष्ट नोंद याआधीची मला आठवत नाही. त्यात ज्ञान सोपे करून पातळ करण्याचा भाग नव्हता. तत्त्वज्ञान तेच राहिले, ते त्या म्हाताऱ्यांच्या भाषेत आले.

विसाव्या शतकात तुकडोजी महाराजांनी खंजिरी हातात घेतली. विदर्भात मराठी आणि हिंदी दोन्ही चालतात हे ओळखून त्यांनी दोन्हींत भजने केली. ‘ग्रामगीता’ लिहिली ती ओवीत, कारण पारायणाची सवय गावाला होती. गावाच्या स्वच्छतेपासून सहकारापर्यंतचे विषय त्या सवयीच्या साच्यात बसवणे ही साधी गोष्ट नव्हे.

या परंपरेच्या उजेडात आजच्या सभा पाहिल्या तर काय दिसते? खरिपाआधीची शेतकरी सभा घ्या. जिल्हा सोयाबीनचा. रिसोड तालुक्यात करड्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, कृषी विभागाच्या शेतीशाळा होतात, बियाणे कंपन्यांचे मेळावे होतात. मे महिन्याचे ऊन, मांडव, समोर दीडशे माणसे. तज्ज्ञ उभे राहतात आणि सांगतात की बियाण्याची शिफारस हेक्टरी ७५ किलो आहे. मांडवात हिशेब कोणीच हेक्टरात करत नाही. शेतकरी एकरात आणि बॅगेत विचार करतो. मागून आवाज येतो, “हेक्टरचं राहू द्या साहेब, एकरी किती टाकाचं थे सांगा.” ७५ किलो हेक्टरी म्हणजे एकरी ३० किलो. जुन्या हिशेबाने बरोबर एक बॅग. हे एक वाक्य आधी आले असते, तर पुढची दहा मिनिटे वाचली असती.

उगवण चाचणीचेही तसेच. घरचे बियाणे वापरायचे तर किमान ७० टक्के उगवण हवी, त्याखाली प्रत्येक टक्क्याला एकरी अर्धा किलो बियाणे वाढवायचे, असा नियम. पडद्यावर हा तक्ता लावला की माणसे मोबाईल काढून फोटो घेतात आणि तो फोटो पुन्हा कधी उघडत नाहीत. मी असे अधिकारीही पाहिले आहेत की जे तक्ता लावतच नाहीत. एक गोणपाट मागवतात, ते पाण्यात भिजवतात, पोत्यातले मूठभर बियाणे घेऊन समोरच्या पोराकडून शंभर दाणे मोजून घेतात, दहा-दहाच्या ओळीत मांडतात आणि गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायला सांगतात. चारेक दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. शंभरातले साठ उगवले तर? उत्तर मांडवातून येते: पाच किलो जास्त. गाडगेबाबांची प्रश्नाची रीत इथे कृषी सहायकाच्या हातात आलेली असते आणि त्याला ते ठाऊकही नसते. अशा माणसाची बदली झाली की गाव हळहळते.

वेळ हाही श्रोत्याचाच भाग आहे. पेरणीच्या आठवड्यात, डवरणीच्या दिवसात, सोयाबीनच्या सोंगणीत सभा ठेवणारा वक्ता कितीही चांगला असो, समोर रिकाम्या खुर्च्या असणार. मानोरा, मंगरूळपीरच्या तांड्यांत दिवाळीनंतर अनेक घरांना कुलूप लागते. माणसे ऊसतोडीला, पुण्या-मुंबईला कामाला गेलेली असतात. त्या महिन्यांत तांड्यावर शाळेचा किंवा आरोग्याचा कार्यक्रम घेऊन उपस्थिती कमी असल्याची तक्रार करणे अन्यायाचे आहे. तांड्याला स्वतःची सभेची रीत आहे. नायक आणि कारभारी यांना आधी भेटायचे, बोलायचे आणि मग सगळ्यांपुढे उभे राहायचे. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. तिची सगळी विद्या गाण्यात, म्हणीत, भजनात, नगाऱ्याच्या ठेक्यात राहिली आहे. त्यामुळे पत्रक वाटून झाले म्हणजे माहिती पोहोचली असे तिथल्या म्हाताऱ्या माणसांबाबत समजता येत नाही. पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत देशभरातून बंजारा समाज येतो. तेलंगण, कर्नाटक, आंध्रातून आलेल्यांची राज्यभाषा वेगवेगळी, पण गोरबोलीत कोणी दोन वाक्ये बोलले की सगळे मान वर करतात. ५ ऑक्टोबर २०२४ला पंतप्रधान बंजारा विरासत संग्रहालयाच्या उद्घाटनाला पोहरादेवीला आले तेव्हा त्यांनी नगारा वाजवला. सभेआधीच्या अशा खुणेचे वजन मोठे असते, हे सर्वच पक्षांच्या नेत्यांना कळते. त्या खुणेनंतर जे सांगितले जाते ते तांड्याच्या खऱ्या प्रश्नांशी किती जोडलेले आहे, हे मात्र श्रोत्याने तपासायचे असते.

स्त्रियांचा प्रश्न वेगळा आहे आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. ग्रामसभेत बाया येतात, मागे किंवा कडेला बसतात, सही करतात किंवा अंगठा देतात आणि उठतात. सासरा समोर, दीर शेजारी, तिथे सून बोलणार कशी? पाण्याचा विषय निघाला तरी बोलतात पुरुष आणि पाणी भरते ती. महाराष्ट्रात कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्यायच्या आणि त्याआधी महिलांची सभा वेगळी घ्यायची, ही तरतूद याच अडचणीतून आली. एकाच माणसाचे तोंड एका सभेत बंद असते आणि दुसऱ्या सभेत उघडते, हे कायद्याने ओळखले. बऱ्याच गावांत ही महिला सभा कागदावर उरकली जाते. जिथे ती खरोखर होते तिथे एखादी चांगली ग्रामसेविका किंवा आशाताई भाषण करत नाही, वर्तुळात बसून विचारते. बचत गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब करणारी बाई तिथे नळयोजनेच्या खर्चाचा हिशेब मागते. श्रोत्याला बोलता येईल अशी जागा तयार करणे, हे सार्वजनिक भाषणाचे निम्मे काम आहे आणि आपल्या वक्तृत्वाच्या पुस्तकांत त्यावर जवळजवळ काहीच नाही.

याची मुळे शाळेत आहेत. वक्तृत्व स्पर्धेत मुलगा उभा राहतो: आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजन वर्ग आणि माझ्या बालमित्रांनो. पुढचे भाषण सरांनी किंवा ताईने लिहून दिलेले असते. टिळक जयंतीला एक, सावित्रीबाईंना एक, स्वच्छतेवर एक. मुलगा परीक्षकांकडे पाहून ते म्हणतो, हात ठरल्या जागी वर जातो, आवाज ठरल्या जागी चढतो. समोर बसलेली त्याच्याच वर्गातली मुले एकमेकांना चिमटे काढत असतात आणि भाषण एका शब्दानेही त्यांच्यासाठी नसते. गुण पाठांतराला, उच्चारांना, हावभावांना. समोरच्यांना काय कळले, याला गुणच नाहीत. घरी वऱ्हाडीत धडाधड बोलणारे पोर व्यासपीठावर गेल्यावर आपल्या बोलीला लाजते, हे पाहून वाईट वाटते. प्रमाण मराठी त्याला आलीच पाहिजे. परीक्षेला, नोकरीला ती लागणार आहे. पण बोली टाकून देण्याची अट कशाला? दोन्ही भाषा येणारा माणूस उद्या जिल्हा परिषदेत एका भाषेत आणि गावात दुसऱ्या भाषेत तीच गोष्ट सांगू शकेल. वाकाटकांच्या ताम्रपटाला जमले ते आपल्या शाळांना जमू नये?

कार्यक्रमांची रचनाही श्रोत्याच्या विरोधात उभी असते. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार, मग प्रास्ताविक, मग ज्यांचे सत्कार झाले त्यांची मनोगते. मुख्य वक्ता उठतो तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असतात, आचारी मांडवाच्या मागे भात उतरवत असतो आणि त्याचा वास शेवटच्या रांगेपर्यंत आलेला असतो. अशा वेळी तास-तास बोलणारा वक्ता विद्वान असला तरी निर्दयी म्हणावा लागेल. तयारी तासाभराची असावी आणि वीस मिनिटांत आटोपण्याचीही असावी.

कीर्तनाबद्दल एक गोष्ट मला स्पष्टपणे म्हणायची आहे. सप्ताहातली कीर्तने हीच आजही खेड्यातली सर्वांत मोठी सभा. तिथे लहानांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, बायाबापडे, सगळे एकत्र असतात. इतका मिश्र श्रोता कोणत्याही नेत्याला मिळत नाही. अलीकडे काही कीर्तनकारांनी या श्रोत्याला फक्त हसवायचे ठरवले आहे. सुना, मोबाईल, आधुनिक मुली यांवरचे ठरलेले विनोद, मग टाळ्या, मग त्याची ध्वनिचित्रफीत. सभा खूश होते, पण ज्या सुनेवर विनोद झाला तीही त्याच सभेत बसलेली असते. वारकरी कीर्तनाला विनोद परका नाही. गाडगेबाबा लोकांना पोट धरून हसवत. त्यांच्या विनोदाचा रोख सभेतल्या दुबळ्यावर नसे, सगळ्यांच्या अंगवळणी पडलेल्या खुळेपणावर असे.

आणि आता सगळ्यांत मोठा बदल. पूर्वी मानोऱ्यात काय बोलले ते रिसोडला कळायला आठवडा लागे आणि तोवर शब्द बदललेले असत. आता पहिल्या रांगेतला पोरगा मोबाईल धरून बसतो आणि सभा संपायच्या आत भाषण जिल्हाभर फिरते. एका समाजापुढे एक आणि दुसऱ्यापुढे दुसरे बोलण्याचा धंदा त्यामुळे अवघड झाला, ही चांगली गोष्ट. पण प्रामाणिक वक्त्याचीही पंचाईत झाली आहे. समोरच्या पन्नास माणसांसाठी, त्यांच्याच ठसक्यात केलेली थट्टा दुसऱ्या तालुक्यात संदर्भावाचून ऐकली की शिवी वाटते. समोर बसलेला श्रोता आणि पुढे कुठेतरी ऐकणारा श्रोता, दोघांनाही आता धरून चालावे लागते. यावर मला एकच उपाय दिसतो: बोली आणि उदाहरण समोरच्याचे घ्यावे, पण असा एकही मुद्दा मांडू नये जो दुसऱ्या गावात, दुसऱ्या समाजापुढे, तोंडावर उभे राहून मांडायची तयारी नाही.

जिल्ह्यात सभा, मेळावे, सप्ताह, ग्रामसभा घेणाऱ्या मंडळींना म्हणूनच विनंती आहे. वक्त्याला सत्काराच्या वेळेला बोलावू नका. सकाळीच बोलवा, गावातून एक फेरी मारू द्या, शेतात न्या, बायांच्या बैठकीत अर्धा तास बसवा. सत्कार शेवटी ठेवा. ध्वनिक्षेपकाचा एक माईक व्यासपीठावर असू द्या आणि दुसरा महिलांच्या रांगेत, आणि पहिला प्रश्न तिथूनच घ्या.